डावा हात पाठीमागे

वाघमारे मेट्रनच्या टेबलावरचा पाण्याचा ग्लास मी कधी उघडा पाहिला नाही. ग्लासवर बशी, बशीवर विणलेला रुमाल, आणि पंखा जोरात असला तर रुमालावर स्टेपलर. पाणी प्यायचं म्हणजे हा सगळा संसार उतरवायचा, दोन घोट घ्यायचे आणि पुन्हा होता तसा रचायचा. बाईंना तहान कमी लागत असावी, नाहीतर एवढी उस्तवार कोण करतं, असं मला सुरुवातीला वाटायचं.

हैदराबादच्या बरकतपुऱ्यातल्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात मी कार्यालयात होतो. पगार, खरेदी, पाण्याचा टँकर, जनरेटरचं डिझेल, जे कुणाचंच नाही ते माझं. त्या दवाखान्यात मराठी बोलणारे आम्ही दोघंच, त्यामुळे दुपारच्या चहाला मेट्रन माझ्या खोलीत येत. येताना चहाचा कप बशीनं झाकून आणत आणि आल्या आल्या माझ्या टेबलाची झडती घेत. एकदा मी मिरचीची भजी कागदावर ठेवून फोनवर बोलत होतो. बाईंनी हातातला एक्स-रेचा मोठा लिफाफा सरळ भज्यांवर घातला.

"जाधव, शिकलेले माणसं तुम्ही. काहून उघडं ठेवता?"

"खातोच आहे ना मेट्रन."

"तुम्ही खाईपर्यंत माशी बसून थोडीच राहते? उघडं ते माशीचं."

'उघडं ते माशीचं' हे त्यांचं ब्रीद होतं. ते त्या मराठीत, तेलुगूत आणि दख्खनीत सारख्याच जरबेनं सांगत. त्यांच्या स्कूटीच्या सीटवर कापड, घड्याळावर प्लास्टिक, ऑफिसच्या फोनवर झालर लावलेलं टोपडं. विणकाम त्यांचं स्वतःचं. ड्यूटीवर हात रिकामा राहिला की पर्समधून सुई-दोरा निघे आणि दवाखान्यातली आणखी एखादी वस्तू झाकली जाई.

याला कारण होतं, आणि ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. काचीगुड्याच्या मागच्या गल्लीत त्या वाढल्या. धाकटा भाऊ उन्हाळ्यात पटकीनं गेला. आईनं त्यानंतर घरातल्या एकूण एक भांड्यावर झाकण आणि झाकणावर दगड ठेवायला सुरुवात केली. घरात माणसांपेक्षा दगड जास्त झाले, असं म्हणून बाई हसल्या होत्या. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही, पण त्या हसल्या म्हणून मीही हसलो.

ते दिवस आंध्र फुटून दोन राज्यं होण्याचे होते. कॅन्टीनमध्ये दुसरा विषय नसे. कोण इकडचा, कोण तिकडचा, कुणाचा जिल्हा कुठे जाणार, मोठे डॉक्टर विजयवाड्याला जातील की इथेच राहतील. तावातावानं बोलणारी माणसं मेट्रन आल्या की गप्प होत, कारण त्यांच्याकडे या विषयावरची एक गोष्ट होती आणि ती सांगितल्याशिवाय त्या कुणाला सोडत नसत.

पहिल्या वेळी, जुनं हैदराबाद राज्य मोडलं तेव्हा, बाई पाळण्यात होत्या. त्यांचं मूळ गाव नांदेडकडचं. वडील आणि चुलते दोघंही हैदराबादेत बांधकाम खात्यात, एकाच घरात राहणारे. नांदेड मुंबई राज्यात गेलं. चुलत्यांनी तिकडची बदली मागून घेतली, वडील इथेच राहिले. घर वाटलं गेलं. चुलतीनं भांडी पोत्यात भरली, आणि बैलगाडी काचीगुडा स्टेशनला पोचल्यावर ध्यानात आलं की झाकणं चुलीमागच्या फळीवरच राहिली.

"भांडी गेली मुंबई राज्यात, झाकणं राहिली आंध्रात!" बाई टाळी मागत. "आमच्या आईकडे झाकणंच झाकणं. खाली ठेवायला भांडं नाही. तेव्हा मला वाटणी सांगू नका. आमच्याकडे होऊन गेलीय."

मला पुष्कळदा वाटतं, बाईंचा सगळा स्वभाव त्या फळीवर राहिला होता.

पण त्यांचा खरा दरारा होता तो शिकवण्यामुळे. दवाखान्याच्या नर्सिंग शाळेतली प्रत्येक मुलगी त्यांच्या हाताखालून गेलेली. पंधरवड्याला एखादं तरी पत्र किंवा फोन मस्कतहून, कुवेतहून यायचा. पहिल्या दिवशीचा त्यांचा धडा ठरलेला असे. त्या सिरिंज उचलायच्या, पाण्याचं इंजेक्शन मोसंब्यात द्यायच्या, आणि मग उजव्या हातात सुई, डाव्या हातात टोपण धरून दोन्ही हात छातीसमोर आणायच्या. टक्क असा बारीक आवाज व्हायचा आणि सुई टोपणात जायची. हात थरथरायचा नाही, नजर हलायची नाही. "झाकली सुई निजली सुई," त्या म्हणत. "उघडी सुई म्हणजे उघडा नाग. ट्रेमध्ये एक जरी उघडी दिसली तर त्या दिवशी जेवण नाही."

हे शास्त्र त्यांच्या तरुणपणी खरं होतं. तेव्हा सिरिंजा काचेच्या, सुया उकळून पुन्हा वापरायच्या, दगडावर घासून धार लावायच्या. सुईचं टोक जपायचं तर टोपण हवंच. पुढे एकदाच वापरून फेकायच्या सुया आल्या. जपण्यासारखं काही उरलं नाही, पण टोपण राहिलं. मेट्रन शिकवत गेल्या आणि मुली टक्क टक्क करत गेल्या.

या गोष्टीला पहिला धक्का दिला डॉ. शाहीन यांनी. त्या दवाखान्याच्या प्रयोगशाळेत नव्यानं आलेल्या, वयानं मेट्रनच्या मुलीसारख्या. दवाखान्यातला कचरा वेगवेगळ्या रंगाच्या थैल्यांत कसा टाकायचा यावर त्यांनी सभागृहात सगळ्यांना बसवून घेतलं. संसर्गाच्या कचऱ्याला पिवळी थैली, साध्या कचऱ्याला काळी, लाल कशाला, सुयांसाठी जाड भिंतीचा पांढरा डबा का. मेट्रन पहिल्या रांगेत मान डोलवत होत्या. मग डॉ. शाहीन म्हणाल्या, "आणि वापरलेल्या सुईला टोपण कधीही परत लावायचं नाही. बहुतेक नर्सना सुई टोचते ती त्याच वेळी. टोपण धरलेल्या डाव्या हाताच्या बोटात."

मेट्रन उभ्या राहिल्या.

"उघडी सुई टाकायची? आणि मागं साफ करणाराला लागली तर?"

"उघडी कुठे, मेडम? खाटेशेजारीच कटरमध्ये तोडायची आणि डब्यात. टोपणापर्यंत जायचंच नाही."

"जन्म गेला माझा. मला नाही टोचली."

"टोचली असेल, मेडम. लक्षात नसेल."

ही शेवटची गोष्ट डॉ. शाहीन अगदी साधेपणानं बोलल्या होत्या, पण मेट्रननी ती मनाला लावून घेतली. पुढचे काही दिवस त्या माझ्या खोलीत 'कालची पोर' एवढाच जप करत होत्या. मी प्रत्येक वॉर्डाला सुया तोडायचं यंत्र खरेदी करून दिलं. पुढच्या आठवड्यात पाहतो तर प्रत्येक यंत्रावर मेट्रननी विणलेलं टोपडं, खाली निळी झालर. इतकं देखणं टोपडं काढून यंत्र वापरायची कुणाची हिंमत होईना. मोठे डॉक्टर फेरीला आले, त्यांनी "छान" म्हटलं आणि पुढे गेले.

मग बंदचे दिवस आले. आज बस नाही, उद्या दुकानं नाहीत, परवा रस्ताच नाही. दवाखान्याचा कचरा गावाबाहेरच्या भट्टीकडे नेणारी गाडी येईना. मागच्या अंगणात पिवळ्या थैल्यांचा ढीग वाढत गेला. तो सांभाळायचं काम खाजामियांचं. खाजामिया म्हणजे वॉर्डातले सगळ्यात जुने शिपाई, मेट्रनपेक्षाही जुने, आणि त्यांना उलट बोलू शकणारे एकमेव. रोज काठी घेऊन ते कुत्र्यांशी लढत. मेट्रननी पाहणी केली आणि हुकूम दिला, ताडपत्री आणून झाका. मी ताडपत्री आणली. उन्हाळ्यात झाकलेल्या त्या ढिगाची काय अवस्था झाली ते मी लिहीत नाही. शेजारच्या इमारतीतली माणसं नाकाला रुमाल लावून दारात आली.

एका सकाळी खाजामिया माझ्या टेबलासमोर आले आणि पायातली चप्पल काढून त्यांनी ती माझ्या फायलींवर उलटी ठेवली. चपलेच्या तळात एक सुई रुतून उभी होती.

"देखो साब. थैली में से निकली. टोपी निकल गई रास्ते में. अम्मा बोलते सुई सोती. ये तो जागी है ना?"

त्यांचा पाय वाचला होता, चप्पल जाड होती म्हणून. मेट्रन तिथेच चहा पीत होत्या. त्यांनी चप्पल हातात घेऊन निरखली. "कुणीतरी टोपण नीट लावलं नाही," त्या म्हणाल्या, आणि दुपारी मुलींना बोलावून पुन्हा टोपण लावायचा सराव घेतला.

लावण्या नावाची मुलगी त्या सरावात होती. कुकटपल्लीची, नुकतीच नोकरीला लागलेली. लग्न ठरलेलं, त्यामुळे सगळ्यांच्या चेष्टेचा विषय झालेली. मेट्रनची ती लाडकी होती, कारण तिचा टक्क आवाज त्यांच्यासारखाच यायचा. सरावात तिच्या डाव्या हाताच्या बोटाला पट्टी दिसली. मेट्रननी विचारलं. ती म्हणाली, घरी भाजी चिरताना लागलं.

तीन-चार दिवस गेले. मग खाजामियांना राहवेना. मेट्रन माझ्या खोलीत असताना ते दारात येऊन उभे राहिले.

"अम्मा, बच्ची कू चाकू नै लगा. सुई लगी. वो कोने वाले खाट का मरीज, पीलिया वाला. आप डाटते बोलके किसी कू नै बोली. मैं देखा."

कोपऱ्यातल्या खाटेवरच्या माणसाला हिपॅटायटिस बी होता, रक्तातून पसरणारी कावीळ. आमच्याकडे सगळ्यांना त्याची लस सुरू केली होती, पण लावण्याचा एकच डोस झाला होता. बंदमुळे पुढचा राहून गेला होता. त्या तीन-चार दिवसांचं मोल खोलीतल्या आम्हा तिघांनाही कळत होतं, कारण डॉ. शाहीननी सभागृहात तेही सांगितलं होतं. सुई टोचली तर साबणपाण्यानं धुवा आणि लगेच सांगा. जितका उशीर तितका औषधाचा उपयोग कमी.

मेट्रननी माझ्या टेबलावरच्या, त्यांनीच झाकलेल्या ग्लासवरची बशी काढली, पाणी प्यायल्या आणि ग्लास तसाच उघडा ठेवून बाहेर गेल्या.

डॉ. शाहीननी मला ती कावीळ अडवणारं एक इंजेक्शन आणायला पिटाळलं. कोठी भागातल्या औषधांच्या एका घाऊक दुकानदाराला घरून उठवून, अर्धं शटर वर करायला लावून, मी ते बर्फात घालून आणलं. परत आलो तर उपचाराच्या खोलीत लावण्या स्टुलावर बसून रडत होती आणि डॉ. शाहीन तिच्या रक्ताच्या नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होत्या. भिंतीशी चार-पाच मुली उभ्या होत्या. मेट्रननी माझ्या हातातून औषध घेतलं. "मीच देणार," त्या म्हणाल्या.

इंजेक्शन देऊन होताच त्यांचा डावा हात आपण होऊन ट्रेकडे गेला. त्यानं टोपण उचललं. दोन्ही हात छातीसमोर आले. आणि तिथेच थांबले.

मुलींनी ते पाहिलं. डॉ. शाहीननी पाहिलं आणि खाली बघितलं. मेट्रननी टोपण जमिनीवर टाकलं, डावा हात पाठीमागे नेला आणि स्वतःच्या पांढऱ्या साडीचा पदर मुठीत घट्ट धरला. एकट्या उजव्या हातानं त्यांनी यंत्रावरचं टोपडं उडवून दिलं, सुई तोडली, सिरिंज थैलीत टाकली.

मग त्या मुलींकडे वळल्या. "मैं ने गलत सिखाया," त्या म्हणाल्या. "सब कू गलत सिखाया. आज से डावा हात मागं." आणि मुलींना नीट कळावं म्हणून तेलुगूत, "एडम चेय्यि वेनक्कि!"

मी त्या दवाखान्यात पुष्कळ वर्षं काढली. वरच्या माणसानं खालच्या माणसांसमोर अशी कबुली दिलेली मी दुसऱ्यांदा पाहिली नाही. मला बाईंचा त्या क्षणी अभिमान वाटला, आणि लावण्याकडे पाहून त्या अभिमानाची लाजही वाटली.

दुसऱ्या दिवशी लावण्याची आई आली. तिचा आवाज फाटकापासून ऐकू येत होता. मुलीचं लग्न मोडलं तर कोण जबाबदार? मी खुर्चीतून उठलो, तेवढ्यात मेट्रन पुढे गेल्या. "मी जबाबदार," एवढं तेलुगूत सांगून त्या तिच्यासमोर उभ्या राहिल्या आणि ती थकेपर्यंत ऐकत राहिल्या. पुढच्या रविवारी लावण्याला बरोबर घेऊन त्या मुलाच्या घरी गेल्या. तिथे काय बोलल्या ते मला ठाऊक नाही. लग्न मोडलं नाही, शेवटची रक्ततपासणी होईपर्यंत पुढे गेलं. सहा महिने सगळा दवाखाना त्या पोरीच्या डोळ्यांचा पांढरा भाग पाहत होता.

तेवढ्या काळात मेट्रननी पाठीमागच्या हाताचा ध्यास घेतला. सवय सुटत नव्हती. हात चुकार बैलासारखा जुन्या वाटेला लागायचा. म्हणून सुई हातात असली की डाव्या मुठीत पदर, ज्या मुली कुडत्यात त्यांच्या मुठीत कुडत्याची कड. वॉर्डात कुठेही "एडम चेय्यि" अशी हाक आली की औषध वाटणाऱ्या मुलींचेसुद्धा हात पाठीमागे जात. मुलींनी त्यांचं नावच 'एडम चेय्यि मेडम' ठेवलं. ते त्यांना माहीत होतं. मस्कत-कुवेतला त्यांनी फोन लावले आणि एकेका जुन्या विद्यार्थिनीला सांगितलं. फोनचं बिल माझ्याकडे आलं, मी ते पास केलं. यंत्रांची टोपडी त्यांनी उसवून टाकली आणि त्याच दोऱ्याचा लावण्याच्या लग्नासाठी टेबलक्लॉथ विणायला घेतला. सुई टोचली हे जी येऊन सांगेल तिला त्या आधी चहा पाजत. रागावणं त्यांना जमत नव्हतं असं नाही. ते सगळं माझ्या भज्यांसाठी राखून ठेवलं होतं.

लावण्याची शेवटची तपासणी स्वच्छ आली. पण त्याआधी डॉ. शाहीननी हट्टानं सगळ्याच नर्सची तपासणी करून घेतली होती. त्यात एकीच्या रक्तात दोष निघाला. हिपॅटायटिस बी नव्हता, सी होता, आणि पुष्कळ जुना.

ते कळलं त्या दुपारी मेट्रन नेहमीसारख्या बशीनं झाकलेला कप घेऊन माझ्याकडे आल्या.

"ती कालची पोर खरं बोलली होती, जाधव. टोचली असेल, लक्षात नसेल." कपावरची बशी काढत म्हणाल्या, "तेव्हा टोचली की बोट चोखायचं आणि पुढचा पेशंट घ्यायचा. सांगायचं कुणाला? आमच्या मेट्रन लई कडक होत्या."

मी माझा कप खाली ठेवला. त्याच हसल्या. "आता मेले की मला पिवळ्या थैलीत घाला. काळ्या थैलीत नक्को, दंड होईल ट्रस्टला."

नवीन राज्य झालं त्या सुमारास त्या निवृत्त झाल्या. शहर तेच राहिलं, पाट्या बदलल्या. त्यांच्या आजाराचं नवं औषध नुकतंच निघालं होतं, ते त्यांना मिळालंही, पण यकृत तोवर आखडून गेलं होतं. लावण्याच्या लग्नात मी त्यांना पाहिलं. टेबलक्लॉथखेरीज त्यांनी स्टीलच्या डब्यांचा संच दिला आणि प्रत्येक डब्याचं झाकण घट्ट बसतं की नाही ते मांडवातच तपासून दाखवलं.

शेवटचं पाहिलं ते कुकटपल्लीच्या एका मोठ्या दवाखान्यात. त्यांच्या भाचीनं फोन केला म्हणून मी गेलो. बाई खाटेवर अगदी लहान दिसत होत्या. पोट फुगलेलं, डोळे हळदीसारखे. डाव्या हाताला सलाइन लावून तो फळीला बांधलेला. माझी ओळख पटली की नाही, कळलं नाही. मी बोलत होतो आणि त्या डोळे मिटून होत्या.

एक नर्स रक्त घ्यायला आली. अगदी कोवळी मुलगी. या बाई कोण, हे तिला माहीत असायचं कारण नव्हतं. तिनं रक्त काढलं, नळीत भरलं, आणि डाव्या हातानं ट्रेमधलं टोपण उचललं.

"एडम चेय्यि वेनक्कि!"

आवाज जुना होता. वॉर्डातल्या पलीकडच्या खाटेवरचा माणूससुद्धा उठून बसला. मुलीनं दचकून टोपण टाकलं आणि तिचा डावा हात पाठीमागे गेला. मेट्रननी डोळे उघडले. मुलीनं एका हातानं सुई पांढऱ्या डब्यात टाकेपर्यंत त्या तिच्याकडे पाहत राहिल्या.

"माझं रक्त चांगलं नाही, बाळा," त्या मराठीत म्हणाल्या. मुलीला मराठी येत नव्हतं, पण तिनं मान हलवली आणि ती गेली.

मीही निघालो. दारापर्यंत गेलो तर मागून हाक आली.

"जाधव, पाणी उघडं आहे."

मी परत आलो आणि ग्लासवर बशी ठेवली.